कॉम्प्युटर बूट होत नाही? बॅकअप परत चढवताना या चुका टाळा

पडदा काळा आणि त्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगं डिव्हाइस सापडलं नाही. ज्याच्याकडे बॅकअप असतो, त्याची इथे गंमत होते. तो घाबरत नाही, म्हणूनच घाई करतो. ‘आहे ना बॅकअप, चढवू परत’ म्हणतो आणि जे शाबूत होतं तेही पुसून बसतो.

मीही बसलोय. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज एके दिवशी निळ्या स्क्रीनवर अडलं: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क गेली असं धरून मी तिच्यावरच तीन आठवड्यांपूर्वीची सिस्टिम इमेज (विंडोज, प्रोग्रॅम आणि फायली यांची एकत्र प्रत) चढवली. दोन तासांनी मशीन सुरू केलं, तर पुन्हा तीच निळी स्क्रीन! मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, डोकावलो. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे सगळी सेटिंग्ज मूळपदावर गेली होती आणि डिस्कशी बोलण्याची पद्धत ठरवणारा मोड ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर गेला होता. मोड बदलताच विंडोज मुकाट सुरू झालं. मधले तीन आठवडे मात्र त्यात नव्हते.

निदानाआधी औषध

बूट न होणं म्हणजे डेटा जाणं नव्हे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. बहुतेकांना बॅकअपची गरजच नव्हती. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू होतं तो मोड) जाऊन एक फाइल उडवली की काम होत होतं.

म्हणून आधी साध्या गोष्टी बघा. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का? बूटचा क्रम बदललाय का? बायोसला डिस्क दिसते का? डिस्क दिसत असेल आणि विचित्र आवाज करत नसेल, तर दोष बऱ्याचदा बूटलोडरमध्ये, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, असतो. आतल्या फायली जागच्या जागी असतात. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहा. त्या पेन ड्राइव्हसाठी ८ जीबी पुरतात, फक्त तो बनवायला दुसरा चालू कॉम्प्युटर लागतो.

जुन्या डिस्कवरच रिस्टोअर

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. तुमचा बॅकअप कालचा असेल, मागच्या रविवारचा असेल. आज दुपारपर्यंतचं काम फक्त त्या अडून बसलेल्या डिस्कवर आहे. म्हणजे तुमच्या डेटाची सगळ्यात ताजी प्रत तीच, आणि इमेज चढवणं म्हणजे त्या प्रतीवर बोळा फिरवणं. एसएसडी असेल तर आशा आणखी कमी: फॉरमॅट करताना ट्रिमची (ही जागा आता रिकामी धर, असं एसएसडीला सांगणारी) आज्ञा गेली की रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला बहुधा काही सापडत नाही.

तेव्हा ती डिस्क काढा, यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. काढता येत नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (डिस्कवर काही न बसवता चालणारं लिनक्स) मशीन सुरू करा. बॅकअपनंतर बदललेल्या फायली आधी वेगळ्या उतरवून घ्या. रिस्टोअर शक्यतो नव्या डिस्कवर करा.

डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा वाचताना अडत असेल, तर विंडोजचं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ दुरुस्तीसाठी चालवू नका. ते मरणाऱ्या डिस्कवर लिहायला जातं आणि तिला आणखी दमवतं. आधी ‘डीडीरेस्क्यू’ या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने सबंध डिस्कची प्रत घ्या. ते सोपे भाग पटकन उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवतं. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करा.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर साठवलेली असणं हा विनोद मी दोनदा पाहिलाय. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधा, बऱ्याचदा तिथे असते.

रिस्टोअर करताना

रिकव्हरीच्या वातावरणात, म्हणजे दुरुस्तीसाठी सुरू केलेल्या छोट्या विंडोजमध्ये, ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. नेहमीचा ‘सी’ तिथे ‘डी’ असू शकतो. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या साधनातली, सबंध डिस्क रिकामी करणारी ‘क्लीन’ ही आज्ञा तर पुन्हा विचारतही नाही. डिस्क अक्षरावरून नाही, आकारावरून ओळखा, आणि ज्यांचं काम नाही त्या डिस्कच्या वायरी सरळ काढून ठेवा.

इमेज यूईएफआय (बायोसची नवी पिढी) आणि जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) असलेल्या मशीनची असेल आणि रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, मोडमध्ये सुरू केला, तर रिस्टोअर अडू शकतं किंवा पूर्ण होऊनही मशीन बूट होत नाही. फक्त ‘सी’ची इमेज घेतलेली असेल तरी तेच: ईएफआय पार्टिशन हा डिस्कवरचा शेजारचा छोटा वेगळा भाग असतो, बूटलोडर तिथे राहतो. विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम इमेजला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते, आत डेटा कितीही कमी असो. इन्क्रिमेंटल बॅकअपची (दर वेळी फक्त बदललेलं साठवणाऱ्या) साखळी असेल तर मधली एक कडी खराब झाली की तिच्यापुढचं सगळं गेलं. सुरुवात करण्याआधी बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधलं ‘व्हेरिफाय’ चालवा. लिनक्सवाल्यांनी नव्या डिस्कवर फायली उतरवल्यावर एफएसटॅब या फाइलमधले यूयूआयडी (डिस्कच्या भागांचे ओळखक्रमांक) तपासावेत, नाहीतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं.

सुरू झालं, म्हणून लगेच

पहिल्यांदा मशीन सुरू कराल तेव्हा इंटरनेट बंद ठेवा. क्लाउड सिंकला जुन्या फायली दिसल्या की तो काय नवं आणि काय जुनं यात गोंधळू शकतो. आपोआप चालणारा बॅकअपही थांबवा. जागा करण्यासाठी तो जुन्या चांगल्या प्रती उडवू शकतो.

मग तपासा. फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळेच बघतात. राहतात ते ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरातले ब्राउझर प्रोफाइल, आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या पीएसटी फायली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरात ठेवलेला डेटा. जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि दोन महिने तिला हात लावू नका. महिनाअखेरीला, वर्षअखेरीला उघडली जाणारी एखादी फाइल असतेच, आणि ती नाहीये हे तोवर कळत नाही.