साग नसलेले साग कुळ : कोकणात वनस्पतिवर्गीकरण शिकताना

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्यापुढे निर्गुडीची फांदी आली आणि तिचे कुळ मी लॅमिएसी, म्हणजे तुळशीचे, असे लिहिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी व्हर्बिनेसी लिहिले आणि दोन गुण कापले. मी ग्रंथालयातले नवे पुस्तक वाचून गेले होते, तर अभ्यासक्रमात बेन्थम आणि हूकर यांची १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेली पद्धत होती. त्यामुळे आपापल्या पुस्तकाप्रमाणे आम्ही दोघेही बरोबर होतो. गुणांचे मला फारसे वाईट वाटले नाही, पण एकच झाड दोन कुळांत कसे काय बसते, हे मात्र कोणीतरी समजावून सांगायला हवे होते. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी ते मी येथे माझ्या परीने सांगते.

थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या वनस्पतिग्रंथात व्हर्बिनेसी हे कुळ चांगले ऐसपैस आहे. त्यात साग आहे, शिवण, निर्गुडी, भारंगी आणि ऐसर आहेत, शिवाय खाडीतला तिवरही आहे. मराठीत या कुळाला साग कुळ हे नाव पडले ते याच काळातल्या समजुतीने. आज त्यातला साग तुळशीच्या कुळात गेला आहे, निर्गुडी, शिवण, भारंगी आणि ऐसरही त्याच वाटेने गेले आहेत, आणि तिवर अडुळशाच्या कुळात, म्हणजे अ‍ॅकँथेसीमध्ये, जाऊन बसला आहे. खाडीच्या काठी तिवराच्या शेजारी वाढणारी काटेरी पानांची मारांडी आधीपासूनच त्या कुळातली, त्यामुळे तिवराला घरच्याच शेजारात जागा मिळाली असे आम्ही गमतीने म्हणतो. व्हर्बिनेसीमध्ये जगभर मिळून तीसएक प्रजाती (म्हणजे जीनस; एकेका प्रजातीत अनेक जाती असू शकतात) उरल्या असून त्यांतल्या बहुतेक अमेरिका खंडातल्या आहेत. आपल्याकडे दिसतात त्या म्हणजे माजलेली घाणेरी, कुंपणाला लावलेला डुरांटा आणि ओलसर बांधावर जमिनीलगत पसरणारी जलपिंपळी. या तिघींत आपली म्हणावी अशी एक जलपिंपळीच.

हा फेरफार कोणाच्या लहरीने झालेला नाही. पूर्वी या दोन कुळांतला भेद मुख्यतः परागवाहिनीवरून, म्हणजे फुलातल्या अंडाशयातून निघणाऱ्या बारीक नळीवरून, ठरत असे: ती अंडाशयाच्या चार भागांच्या मधून, तळापासून निघाली तर तुळशीचे कुळ आणि अंडाशयाच्या माथ्यावरून निघाली तर व्हर्बिनेसी. स्वेन युनेल या स्वीडिश अभ्यासकाने १९३४ साली अंडाशयाचे बारीक छेद घेऊन दाखवले की खरा फरक आत आहे. खऱ्या व्हर्बिनेसीच्या गटात बीजके, म्हणजे पुढे ज्यांच्या बिया होतात ते कण, अंडाशयातल्या खोट्या पडद्याच्या अगदी कडेला चिकटलेली असतात, तर साग-निर्गुडीच्या गटात ती कडेच्या किंचित मागे, पडद्याच्या बाजूवर असतात. त्यांचे म्हणणे बराच काळ बाजूला पडले; पुढे १९९२ मध्ये फिलिप कॅन्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी फेरमांडणी केली आणि नंतर डीएनएच्या अभ्यासाने तिला दुजोरा दिला.

नवख्याने मात्र अंडाशयाच्या छेदापासून सुरुवात करू नये. मी ती चूक केली होती आणि घाणेरीच्या फुलांवर ब्लेड चालवण्यात एक अख्खी दुपार वाया घालवली होती. त्याऐवजी फुले कोणत्या क्रमाने उमलतात ते पाहावे. घाणेरीचा गुच्छ वरून पाहिला की कडेची फुले गुलाबी किंवा नारिंगी, त्यांच्या आतली पिवळी आणि अगदी मध्यभागी मिटलेल्या कळ्या दिसतात. फूल उमलताना पिवळे असते आणि मग रंग बदलते, त्यामुळे कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे रंगच सांगतो: कडेची जुनी, मधली नवी. आता निर्गुडीचा तुरा घ्या. त्यातला एकेक बारीक झुबका दहापट भिंगाखाली धरला तर तीन फुलांपैकी मधले आधी उमललेले आणि दोन्ही बाजूंना कळ्या, असे चित्र दिसते. पहिला क्रम व्हर्बिनेसीचा, दुसरा तुळशीच्या कुळाचा. जलपिंपळीचे पानही याच भिंगाखाली पाहण्यासारखे आहे. त्यावरची लव मधोमध चिकटलेली आणि दोन्ही टोके पसरून आडवी निजलेली असते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी भिंग पुसून पुन्हा पाहिले होते.

नमुने गोळा करण्याबाबत कोकणातली अडचण वेगळी आहे. भारंगी फुलते ती पावसात, आणि पावसात दाबलेला नमुना दोन दिवसांत बुरशी धरतो. वर्तमानपत्राचे कागद सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ बदलावे लागतात. आमच्या घरी ते चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर वाळत असत आणि त्यांना धुराचा वास येई. भाजीसाठी भारंगीची कोवळी पाने खुडायला निघालेल्या बायकांबरोबर रानात जावे, कारण झाड कुठे आहे आणि कधी फुलते हे त्यांना पाठ असते. सागाचा तुरा नमुन्याच्या कागदावर मावत नाही, म्हणून त्याचा एक फाटा घ्यावा आणि पूर्ण तुऱ्याची लांबी-रुंदी चिठ्ठीवर लिहावी. कोवळे पान चुरगळल्यावर बोटांना लाल रंग लागतो, तेही लिहावे, कारण वाळलेल्या नमुन्यावरून ते कोणालाच कळणार नाही.

नोकऱ्या थोड्या आहेत हे लपवून उपयोग नाही. पदव्युत्तर पदवीनंतर संशोधन प्रकल्पांवरची मुदतीची कामे मिळतात, महाविद्यालयात शिकवता येते, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी झाडे ओळखणारी माणसे लागतात. त्या नोंदवहीत स्थानिक नाव आधी लिहावे. भारंगीचे शास्त्रीय नाव पूर्वी क्लेरोडेंड्रम सेरॅटम होते, ते आता रोथेका सेराटा झाले आणि कुळही बदलले, पण गावात ती भारंगीच आहे.

वनस्पतिसंग्रहालयात गेल्यावर निर्गुडी सापडली नाही तर घाबरू नका; आपल्याकडच्या अनेक संग्रहालयांत कपाटे अजूनही बेन्थम-हूकर यांच्या क्रमाने लावलेली आहेत, तेव्हा ती व्हर्बिनेसीच्या कप्प्यात शोधावी. नाव किंवा कुळ बदलायचे झाले तर जुनी चिठ्ठी काढू नये व खोडूही नये; शेजारी नवी लहान चिठ्ठी चिकटवून तिच्यावर आपले नाव आणि साल घालावे. माझ्या पहिल्या तिवराच्या नमुन्यावर अशा दोन चिठ्ठ्या आहेत, आणि दोन्हींवरचे अक्षर माझेच आहे.