पार्कात शिल्प बसवायचंय? आधी गेट मोजा

गेटचा किस्सा आधीच सांगून टाकतो, कारण तो आठवला की अजून घाम फुटतो. विक्रोळीला आमच्या कॉलनीच्या पार्कात शिल्प बसवायचं होतं, रात्री दीडला ट्रेलर आला, मागून हायड्रा, म्हणजे छोटी क्रेन, आली, चौथरा महिन्यापूर्वीच तयार, सगळी कमिटी कटिंगचे ग्लास हातात घेऊन उभी, आणि वॉचमन शांतपणे म्हणाला, साहेब, हे आत जाणार कसं? गेट आठ फुटांचं. शिल्प आठ फूट नऊ इंच. फाइलमध्ये इंजिनियरचं ड्रॉइंग होतं, शिक्के मारलेली पत्रं होती, फक्त गेट कोणी मोजलं नव्हतं. शेवटी कंपाउंड वॉलवरून उचलून, रेन ट्रीची फांदी आणि स्ट्रीटलाइटची वायर यांच्या मधून काढून पहाटे चारला ते एकदाचं खाली टेकलं. हायड्राचं भाडं तासावर असतं हेही त्याच रात्री कळलं.

मी काही आर्टिस्ट नाही, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं, पण कमिटीत होतो म्हणून ही सगळी धावपळ माझ्या गळ्यात पडली. आणि ही आमची पहिली चूक नव्हती बरं का. त्याआधी आम्ही कॅटलॉग बघून पाच मिनिटांत दोन फायबरची हरणं आणि एक मशरूम घेतलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात एका हरणाचा कान गेला, तिसऱ्यात पोटाला चीर पडली, आणि पोट पोकळ असल्यामुळे आत पाणी साचून त्यात डासांच्या अळ्या निघाल्या. मच्छरवाले साहेब टॉर्च मारून हरणाच्या पोटात बघतायत हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही.

तर पहिलं काम, जागा कोणाची ते बघा. ऐकायला बावळट वाटतं, पण आमच्याकडे तीस वर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. महापालिकेचं आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे मनोरंजनासाठी राखलेलं मैदान) आहे, म्हाडाच्या लेआउटमधली मोकळी जागा आहे की सोसायटीचीच आहे, यावर पुढचे सगळे अर्ज ठरतात. प्रॉपर्टी कार्ड काढा, २०३४ च्या डेव्हलपमेंट प्लॅनचा डीपी रिमार्क, म्हणजे त्या प्लॅनमध्ये आपल्या जागेवर काय दाखवलंय त्याचा दाखला, काढा. पालिकेची जागा असेल तर वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान खात्याकडे जा आणि प्रत्येक कागदाची आवक नंबर टाकलेली पोच घ्या, तोंडी "करून टाका हो, काय प्रॉब्लेम नाही" यावर एक फावडंसुद्धा मारू नका. परिसर हेरिटेज यादीत असेल तर हेरिटेज कमिटीचंही बघावं लागतं. आणि झाडाला हात लावायचा नाही, फांदी छाटायची असेल तरी १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते.

मग लगेच डिझाइन मागवू नका. आधी आठवडाभर पार्कात नुसतं बसा. खरंच सांगतो, सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. सकाळी सहाला चालणारे उलट्या दिशेने येणाऱ्यांना शिव्या घालतात म्हणजे ट्रॅक अरुंद आहे, तिथे काही उभं करायचं नाही. आठला लाफ्टर क्लबला मोकळा गोल लागतो. दुपारी डिलिव्हरीची पोरं सावली शोधत येतात. पाचनंतर लहान मुलं, आणि सातनंतर आज्यांचा कट्टा, त्यांना बसायला जागाच नाही, पायरीवर रुमाल टाकून बसतात. हे बघितल्यावर आमचं ठरलं की शिल्प असं हवं ज्यावर बसता येईल. ग्रुपवर तीन फोटो टाकून पोल घ्यायचा मोह आम्हालाही झाला होता, घेतलाही, त्यात डॉल्फिन जिंकला. विक्रोळीत डॉल्फिन! खाडीला रोहित (फ्लेमिंगो) येतात, निदान ते तरी सुचवायचं.

विषयाबद्दल एक नाजूक गोष्ट. कोणीतरी मीटिंगमध्ये उठून थोर पुरुषाचा पुतळा म्हणणारच, आणि त्याला नाही म्हणणं अवघड जातं. पण तो रस्ता वेगळा आहे हे त्यांना समजावून सांगा. राज्य सरकारचा २०१७ चा शासन निर्णय आहे, त्यात परवानग्यांची मोठी साखळी आहे, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि पुढे पावित्र्य राखायची जबाबदारी कायमची अंगावर येते. जिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि बॉल कुठेही लागतो तिथे ती आपल्याला झेपणार आहे का? फोर्टातला काळा घोडा बघा. मूळ पुतळ्यात घोड्यावर राजा होता, तो १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, तरी जागेला लोक घोड्याच्याच नावाने हाक मारत राहिले, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. मलबार हिलच्या बागेतला म्हातारीचा बूट घ्या, बुटाच्या आकाराचं घर, कुणाचा पुतळा नाही, कुणाची जयंती नाही, तरी मुंबईतल्या किती पिढ्यांनी त्यात चढून फोटो काढलेत.

आर्टिस्ट शोधताना आमचा पहिला विचार गणपतीचे मूर्तिकार हाच होता. हात जबरदस्त असतो, वाद नाही, पण शाडू आणि पीओपी हे काही दिवसांचं काम, आणि आपल्याला पंधरा पावसाळे काढायचेत. ते कौशल्य वेगळं. जे जे स्कूल ऑफ आर्टच्या शिल्पकला विभागात जाऊन चौकशी करा, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन बघा, आणि ज्यांचं काम आवडलं त्यांना एकच प्रश्न विचारा, तुमचं पाच वर्षांपूर्वीचं बाहेर बसवलेलं काम कुठे बघायला मिळेल? मग ते स्वतः जाऊन बघा, शक्यतो जुलैत. नवीन मुलगा किंवा मुलगी असेल तर अनुभवी फॅब्रिकेटर किंवा फाउंड्री जोडीला आहे का ते बघा.

त्यांना एक पानाचा कागद द्या. जागा, माप, कोण वापरतं, काय नको, कधी हवंय, आणि बजेट. बजेट लपवू नका. आपल्याकडे "तुम्ही सांगा, मग बघू" ही भाजीबाजारातली सवय इथे अंगाशी येते, तो पंचवीस फुटी ब्रॉन्झ काढून आणतो आणि आपण सिमेंटच्या पैशात ते मागतो. तिघांना निवडा आणि तिघांनाही छोटं मॉडेल करायचे पैसे द्या, हरले तरी. फुकट डिझाइन मागितलं की फुकटच्याच दर्जाचं मिळतं.

आता मटेरियल. यावर मी सगळ्यात जास्त वाद घातलेत. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो, हवेत मीठ आहे, उन्हाळ्यात लोखंड तापतं आणि कबुतरं वर्षभर आहेत. म्हणून स्टेनलेस स्टील म्हटलं की लोक निर्धास्त होतात, होऊ नका. ३०४ ग्रेडला समुद्राच्या किंवा खाडीच्या हवेत चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. ३१६ घ्या, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. महाग पडतं, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, चुंबक लावून पण कळत नाही, म्हणून मिल सर्टिफिकेट, म्हणजे स्टील बनवणाऱ्या कारखान्याचा ग्रेडचा दाखला, मागा. साधं लोखंड स्वस्तात हवं असेल तर हॉट डिप गॅल्व्हनाइझ, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) पेंट, पण सगळं वेल्डिंग आणि ड्रिलिंग आधी उरकून मग गॅल्व्हनाइझ, नंतर वेल्डिंग केलं की तिथला झिंकचा थर जळतो आणि गंज बरोब्बर तिथूनच सुरू होतो. पोकळ पाइपांना खाली पाणी निघायला भोक हवंच (हरणाचं पोट आठवा). ते गंजलेल्या रंगाचं कॉर्टेन स्टील फोटोत भारी दिसतं पण आपल्या दमट खाऱ्या हवेत ते गंजायचं थांबत नाही, शिवाय आज्यांच्या साड्यांना लागेल. ब्रॉन्झ टिकतं, पण तांबं असतं त्यात, आणि रात्री भंगारवाल्याकडे काय काय जातं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे सहज मोडून नेता येईल असा पातळ भाग ठेवू नका.

आम्ही शेवटी काळा दगड घेतला, बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच. लाट असते तसा बसायचा वळणदार लांब कट्टा, आणि त्यातून वर येणारे स्टीलचे रोहित. दगड दुपारी तापतो हे खरं, म्हणून तो पश्चिमेच्या उन्हात न ठेवता रेन ट्रीच्या सावलीत घेतला. पण खोडापासून लांब, मुळांवर काँक्रीट ओतायचं नाही.

भिंतच रंगवायची असेल तर बांद्र्यात, माहीममध्ये फिरून या, छान कामं आहेत. पण पार्काची कंपाउंड वॉल आतून झाडांच्या पाण्याने कायम ओली असते, रंग फुगून पोपडे निघतात. अशा भिंतीवर टाइलच्या तुकड्यांचं मोझेक बरं, व्हिट्रिफाइड टाइल घ्या, ती पाणी अर्धा टक्कासुद्धा पीत नाही.

पाया म्हणजे कंटाळवाणं काम, उद्घाटनात कोणी त्याचं नाव घेत नाही. पण मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, उभारून वर्षही झालं नव्हतं, त्यानंतर आमच्या कमिटीत इंजिनियर कशाला हवा हा प्रश्न कोणी विचारला नाही. लायसन्सवाल्या स्ट्रक्चरल इंजिनियरचं सही केलेलं ड्रॉइंग घ्या. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आहे आयएस ८७५, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास, आणि हे काही कागदी नाही, १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला ताशी ११४ चा झोत नोंदला गेला होता. मुंबईत कितीतरी जागा भरावाची आहे, म्हणून आधी एक खड्डा खणून खाली काय आहे ते बघा. आमच्याकडे चार फुटांवर जुनी पाण्याची लाइन निघाली, चौथरा सहा फूट सरकवावा लागला.

पोरं चढणार. "चढू नये" ही पाटी लावली की जास्त चढणार. म्हणून चढणार असं धरूनच डिझाइन तपासा. परदेशातल्या प्लेग्राउंड स्टँडर्डमध्ये एक नियम आहे, साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट ठेवायची नाही, कारण त्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये रोहिताच्या दोन पायांत बरोब्बर सहा इंच होते. आर्टिस्ट थोडी नाराज झाली, मग तिने दोन्ही पाय जवळ घेतले, आणि खरं सांगू, पक्षी आधीपेक्षा देखणा दिसायला लागला.

पैशाचं म्हणाल तर वर्गणी, आमदार निधी, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या शेड्यूलमध्ये कला आणि संस्कृती आहे, त्यामुळे कंपनीकडे जायला तोंड आहे, फक्त पैसे ज्या संस्थेच्या खात्यात येणार ती सीएसआर-१ हा फॉर्म भरून रजिस्टर झालेली लागते, कमिटीच्या जॉइंट खात्यात चेक येत नाही. सगळे पैसे शिल्पात घालू नका. पाया, वाहतूक, क्रेन, लाइट, विमा, जीएसटी यांना निम्म्याच्या जवळ जातात, आणि दहा टक्के मेंटेनन्सला एफडीत टाका. पाटीचं माप पण आधीच लिहून घ्या, नाहीतर "यांच्या निधीतून" हा बोर्ड शिल्पापेक्षा मोठा होतो आणि आर्टिस्टचं नाव राहून जातं.

करार दोन पानांचा चालेल पण हवा. पेमेंट टप्प्यांनी, मॉडेल पास झाल्यावर, साच्यावर, वर्कशॉपमध्ये पूर्ण काम बघितल्यावर, बसवल्यावर, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर. दुसरं, शिल्प विकत घेतलं म्हणजे आपण वाट्टेल तेव्हा तोडू शकतो असं नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्रॉन्झ म्युरल १९७९ मध्ये काढून गोडाऊनमध्ये टाकलं होतं, ते कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाख नुकसानभरपाई. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ची ही ताकद. तेव्हा हलवायचं, दुरुस्त करायचं, रंग बदलायचा तर कोणाला विचारायचं, हे आधीच लिहा. आमच्याकडे एका हौशी काकांनी नवरात्रात रोहितांना गुलाबी ऑइलपेंट मारायचा बेत केला होता, तो कागद दाखवूनच थांबवला.

टायमिंग एका ओळीत, गणपती झाले की सुरुवात करा, दिवाळीनंतर निवड, मार्चमध्ये पाया, मेच्या पहिल्या पंधरवड्यात बसवून मोकळे व्हा.

आणि मेच्या शेवटच्या रविवारी दरवर्षी आम्ही चौघंपाचजण बादली घेऊन जातो. साधा साबण, मऊ ब्रश, कबुतरांची घाण धुवायची, ॲसिड किंवा तारेचा काथ्या अजिबात नाही, स्टीलवर चरे पडले की तिथेच डाग धरतो. पाणी निघायच्या भोकात तार घालून बघायची, पान्याने बोल्ट तपासायचे, फोटो काढून फाइलला लावायचे. गेल्या वर्षी एका भोकात मुंग्यांनी घर केलं होतं, ते काढलं तर आतून अर्धा तांब्या पाणी आलं.