छोटे रिमोट हेलिकॉप्टर : निवड आणि निगा

पहिले हेलिकॉप्टर घेताना एकाच अक्षावर वर-खाली बसवलेल्या आणि परस्परविरुद्ध दिशांना फिरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्या असलेले घ्यावे, कारण ते हवेत बरेच स्थिर राहते. इन्फ्रारेडवर चालणारे उन्हात दाद देत नाही; २.४ गिगाहर्ट्‌झचा रिमोट केव्हाही चांगला. सुटी पाती मिळतात ना, हे आधीच विचारावे.

खरी काळजी लिथियम-पॉलिमर बॅटरीची घ्यावी लागते : उड्डाणानंतर ती थंड झाल्यावरच चार्ज करावी, तेव्हा जवळच थांबावे, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि बरेच दिवस उडवायचे नसेल, तर ती प्रति सेल (म्हणजे बॅटरीतील प्रत्येक घटकामागे) सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. पाती फिरवणाऱ्या दांड्याच्या मुळाशी गुंडाळलेला केस चिमट्याने काढावा. एवढ्याशा केसानेही मोटर तापते. चीर गेलेले पाते चिकटवू नये, बदलावे.