स्पोर्ट्स बाइक सोडून अ‍ॅडव्हेंचरवर बसताना

साडेपाच वर्षं केटीएम आरसी ३९० चालवल्यावर मी ३९० अ‍ॅडव्हेंचर घेतली. हिशोब सोपा होता. इंजिन तेच ३७३ सीसीचं, क्लच ओळखीचा, गिअर ओळखीचे, मग नवीन शिकायचं काय? पहिल्याच आठवड्यात गाडी उभ्याउभ्या आडवी केली. वेग शून्य. बघणारे दोघं होते. एक मदतीला धावला, दुसऱ्याने हसून घेतलं.

तेव्हा कळलं की इंजिन तेच असलं तरी वरचं सगळं दुसरं आहे. माझ्या जुन्या आरसीची सीट ८२० मिलिमीटर उंच, हिची ८५५. दोन चाकांमधलं अंतर १३४० वरून १४३० वर गेलेलं. पुढचं सस्पेन्शन तिथे १२५ मिलिमीटर दबायचं, इथे १७०. पुढचं चाक १७ इंचांचं होतं ते १९ चं झालं. आणि खाली, टाकीला चिकटलेलं क्लिप-ऑन हँडल जाऊन रुंद, उंच हँडल आलं. यातला एकही आकडा कागदावर भयंकर वाटत नाही. पण आरसीने माझ्या अंगाला लावलेल्या निम्म्या सवयी इथे उलट्या कराव्या लागल्या. कुठल्या उलट्या करायच्या आणि कुठल्या तशाच ठेवायच्या, एवढंच इथे सांगते.

आधी थांबायला शिका

हसू नका. माझी उंची पाच फूट तीन इंच. आरसीवर दोन्ही पायांचे चवडे टेकायचे, म्हणून कुठेही, कशीही थांबायचे. अ‍ॅडव्हेंचरवर दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडावा लागतो. एकच पाय टेकवायचा, पण पुरा टेकवायचा. त्यासाठी थांबायच्या आधीच, गाडी अजून चालती असताना, ढुंगण सीटवरून डावीकडे सरकवा. अर्धं सीटवर, अर्धं हवेत. उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहतो, डावा सरळ खाली जातो. याने दोन-तीन इंच सहज मिळतात.

पाय ठेवायची जागाही आधीच बघायची. माझी गाडी पडली ती इथेच. डांबर संपून खडी सुरू होते तिथे थांबले, डावा पाय सवयीने खाली सोडला, आणि जमीन होती चार बोटं आणखी खाली. पाय तिला शोधत असतानाच गाडी तोलाच्या पलीकडे गेली. उतार असेल तर चढाच्या बाजूचा पाय टेकवा. त्यासाठी ब्रेकवरचा पाय बदलावा लागला तर पुढच्या ब्रेकने गाडी धरा आणि बदला.

गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की सोडून द्या. पावणेदोनशे किलोच्या आसपासचं वजन मनगटाने परत ओढायला गेलात तर गाडी पडेलच, वर कंबर धरेल.

पडलेली उचलायची ती अशी. इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर मेहनतीने उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते. ज्या बाजूला पडली त्याच बाजूला हँडल पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. आता गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, सीटच्या कडेला टेका. एका हातात ती मूठ, दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल. पाठ ताठ, नजर समोर, आणि लहान लहान पावलं टाकत मागे चालायचं. उचलायचं नाही, मागे ढकलत न्यायचं; जोर सगळा मांड्यांचा. चाकं सरकत असतील तर गाडी गिअरमध्ये टाका, ते जमत नसेल तर पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून बांधा. हे घरी, जुन्या गादीवर गाडी आडवी करून एकदा करून बघितलंत तर रस्त्यात घाबरायला होत नाही.

हळू वळताना अंग बाहेर

सगळ्यात जास्त वेळ मला इथे लागला. स्पोर्ट्स बाइकवर वळणात आपण आत सरकतो. ढुंगण आत, छाती आत, डोकं आरशाच्या दिशेने. कारण साधं आहे: आपलं वजन आत गेलं की तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते आणि टायरकडे थोडी पकड शिल्लक राहते. अर्थात हे वेगातलं गणित आहे.

खडीवर, मातीवर किंवा अरुंद जागी यू-टर्न घेताना वेग जेमतेम चालण्याएवढा असतो. तिथे अंग आत गेलं की सगळं वजन आत कोसळतं आणि गाडी त्याच्या मागोमाग. इथे गाडीला तुमच्या खाली झुकू द्यायचं आणि स्वतः तिच्या बाहेरच्या बाजूला राहायचं. डावीकडे वळताय? वजन उजव्या फूटपेगवर, डावा हात गाडीला हलकेच खाली दाबतो, उजवा कोपर वर. गाडी जास्त झुकते, म्हणून वर्तुळ लहान होतं. आणि खालून टायर सरकलाच तर तुमचं अंग टायरच्या वर असतं, गाडीबरोबर फेकलं जात नाही.

सराव रिकाम्या सपाट जागेवर करा. मी दोन जुन्या चपला सात-आठ मीटरच्या अंतरावर टाकून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायचे. पहिला गिअर, थ्रॉटल आयडलच्या जरा वर आणि तिथेच स्थिर, क्लच अर्धवट सोडलेला, वेगावर ताबा फक्त मागच्या ब्रेकने. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की फोर्क (पुढचं सस्पेन्शन) बसतो आणि गाडी आत पडते. हनुवटी खांद्यावरून पुढच्या चपलेकडे. पुढच्या चाकाकडे बघितलं की चपलेवरून गाडी जाणारच, माझी बऱ्याचदा गेली. ढुंगण आपोआप आत सरकायची सवय मोडायला मला तीन रविवार लागले. आधी चपला लांब ठेवा, मग जवळ आणा.

वेगात मात्र काउंटरस्टिअरिंग दोन्ही गाड्यांना सारखंच. उजवीकडे जायचंय तर उजवी मूठ पुढे ढकलायची. फरक एवढाच की रुंद हँडलला तेवढा जोर लागत नाही. पहिल्या दिवशी मी आरसीच्या जोराने ढकललं आणि वळणात वेळेआधीच आत शिरले. आता दोन बोटांनी ढकलल्यासारखं ढकलते.

उभं राहून चालवणं

अ‍ॅडव्हेंचर बाइकचा हा आकार वाळवंटातून आलाय. पहिली पॅरिस-डाकार, म्हणजे वाळवंट ओलांडणारी शर्यत, १९७९ ची. बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० मध्ये आली आणि १९८१ मध्ये ह्युबर्ट ऑरियोलने बीएमडब्ल्यूवर डाकार जिंकली. लांब सस्पेन्शन, मोठं पुढचं चाक, उंच हँडल हे सगळं माणूस उभा आहे असं धरून केलेलं आहे. (स्पोर्ट्स बाइकची वंशावळ ट्रॅकवरची, तिथे उभं कशाला राहायचं.)

उभं राहिल्यावर आपलं वजन सीटवरून फूटपेगवर येतं. गाडी खाली हवी तशी हलते आणि गुडघे ते धक्के पचवतात. पायाचा चवडा पेगवर, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला हलके टेकलेले, कंबरेतून थोडं पुढे, कोपर बाहेर, मुठी सैल. मूठ आवळली की खड्ड्यात हलणारं हँडल तुम्हालाही हलवतं. तपासायचं असेल तर सपाट रस्त्यावर उभं राहून क्षणभर बोटं उघडा. तोल गेला तर तुम्ही हँडलला लटकत होता.

उभं राहून पाठ भरून येत असेल तर दोष बहुतेक वेळा हँडलच्या मांडणीत असतो. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे फिरवा, क्लच-ब्रेकच्या लिव्हर उभ्याने बोटांना सरळ मिळतील एवढ्या खाली करा, आणि मागच्या ब्रेकचं पेडल बूट घालून, उभं राहून तपासा. बसून बरोबर वाटणारं पेडल उभ्याने बरेचदा खूप खाली असतं. माझ्या गाडीवर हे सगळं अर्ध्या तासात झालं आणि त्यानंतर पाठीने कुरकुर केली नाही.

वाळूत थ्रॉटल बंद करू नका. पुढचं चाक डुलायला लागलं की हात आपोआप बंद करतो, वजन पुढे येतं आणि चाक रुततं. वजन मागे, नजर लांब, थोडी रेस. गाडी डुलेल, डुलू द्या.

ब्रेक

आरसीवर ब्रेक दाबला की फोर्क झटकन बसतो आणि गाडी थांबायला लागते. अ‍ॅडव्हेंचरवर मध्ये एक लांब क्षण आहे: नाक खाली जातंय, जातंय, आणि पकड अजून पूर्ण आलेली नाही. त्या क्षणी घाबरून एकदम आवळायचं नाही. दोन टप्पे करा. आधी हलका दाब, फोर्क बसू दे, मग जोर वाढवा. मनात ‘एक... दोन’ म्हणा. वळणाआधी ब्रेक थोडा लवकर सुरू करा आणि सावकाश सोडा. पटकन सोडलात तर ते लांब सस्पेन्शन परत वर उसळतं आणि ऐन वळणात गाडीची दिशा बदलते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे दोन्ही गाड्यांना लागू. पण उंच सीटवरून वेग कमी भासतो, म्हणून अधूनमधून स्पीडोमीटरकडे बघा.

एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिच्या ऑफरोड मोडमध्ये मागच्या चाकाचा एबीएस बंद होतो, पुढचा चालू राहतो. खडीच्या उतारावर ते हवंच, नाहीतर एबीएस मागचा ब्रेक सोडत राहतो आणि गाडी उतरतच राहते. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिनाला गाडी धरू द्या. मागचा ब्रेक हलका, पुढच्यावर एक बोट. पुष्कळ गाड्यांत चावी बंद केली की मोड पुन्हा मूळ जागी येतो, तेव्हा दर वेळी बघून घ्या. वळणात झुकलेल्या गाडीला सांभाळणारा कॉर्नरिंग एबीएस असेल तर उत्तमच. २०१३ मध्ये बॉशची ती यंत्रणा पहिल्यांदा आली ती एखाद्या रेसिंग बाइकवर नव्हे, केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरवर, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

टायर आणि वारा

हे थोडक्यात. मातीत मी हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवते. त्याखाली गेले तर दगडावर रिम वाकायची भीती. डांबरावर परत येताच भरते, म्हणून छोटा पंप कायम सीटखाली. खोल खाचांचे टायर लावले असतील तर डांबरी वळणात ते थोडे लवलवतात. पहिल्यांदा गाडी घसरतेय असंच वाटतं. घसरत नसते, पण पकडीची मर्यादा रस्त्याच्या टायरपेक्षा खरंच अलीकडे आहे. आरसीच्या कोनात झुकवू नका.

उंच काच असूनही हेल्मेट थडथडत असेल तर चालत्या गाडीवर दोन इंच वर उठून बघा, मग दोन इंच वाका. आवाज जिथे शांत होतो त्यावरून काच वर हवी की खाली ते कळतं. कित्येकदा काच कमी केल्यावरच बरं वाटतं. बाजूच्या वाऱ्यात पॅनियर (दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या) लावलेली गाडी शिडासारखी वागते. मुठी आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा.

आणि परत स्पोर्ट्सवर बसलात तर

आरसी मी विकली नाही. चार महिन्यांनी तिच्यावर बसले आणि पहिल्याच यू-टर्नला हँडल पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकी आणि मूठ यांच्यामध्ये चिमटला. हे हँडल फार वळत नाही हे हात विसरून गेला होता. म्हणून रुंद वळा, किंवा सरळ दोनदा मागे-पुढे करा, त्यात कमीपणा नाही.

दुसरं, मनगटं. अ‍ॅडव्हेंचरवर सरळ बसायची सवय झाली की स्पोर्ट्स बाइकवर आपण सगळं वजन हातांवर टाकतो. वजन पोटाने आणि मांड्यांनी धरायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची. चालवताना कोपर कोंबडीच्या पंखांसारखे हलवून बघा. हलत नसतील तर हातांवर भार आहे. वेगात समोरचा वारा छातीला उचलतो म्हणून मनगटं सुटतात, पण गर्दीत ती मदत नसते. त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी मोकळ्या रस्त्याला जाते. दोन-तीन मोठी वळणं घेते. ढुंगण आत सरकतंय ना, तेवढं बघते, आणि मग गर्दीकडे वळते. अंगठ्याचा काळा डाग अजून गेलेला नाही.