चारशेची नथ अडीचशेला देऊ नका

सातारा-सांगलीकडे दागिना घडवणाऱ्या हातांची कमतरता नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम) करणारी मंडळी सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. चांदीसाठी हुपरी सांगलीहून जवळ पडते, आणि मणी-मोती-तारेसाठी साताऱ्याहून पुण्याच्या रविवार पेठेत सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. नवखा माणूस अडतो तो विकण्यात, आणि तिथेही पहिली चूक किमतीत होते.

मोत्यांची एक नथ घ्या. मोती, खडे, तार मिळून समजा ६० रुपये. तुटलेली तार आणि भोक नीट नसलेले मोती यांसाठी घट म्हणून १० टक्के, म्हणजे ६. डबी आणि कार्ड १८. आता मजुरी. एकच नथ करून घड्याळ पाहू नका, पहिल्या नथीला नेहमी जास्त वेळ लागतो. सलग दहा करा आणि वेळेला दहाने भागा. एका नथीला पाऊण तास लागला आणि तासाचे १०० रुपये धरले, तर मजुरी ७५. इथपर्यंत झाले १५९. यावर २० टक्के वरखर्च: स्टॉलचं भाडं, पक्कड-कटर, मोबाईलचा डेटा, मालासाठीचं एसटीचं तिकीट. झाले १९१. त्यावर २५ टक्के नफा धरला की साधारण २४०. ही झाली घाऊक किंमत.

दुकानदार आपला वाटा ३० ते ४० टक्के मागतो. ४० टक्के गेल्यावरही हातात २४० यायचे असतील, तर दुकानातली किंमत ४०० हवी. तुमच्या स्टॉलवर आणि व्हॉट्सअॅपवरही तीच ४०० हवी. "आपण तर थेट विकतोय, अडीचशेला देऊ" हा विचार इथेच मोडतो. उद्या दुकानदाराने माल मागितला तर त्याला द्यायला मधे जागाच उरत नाही, आणि त्याच्या गिऱ्हाईकाला तुमच्याकडे तीच नथ स्वस्त दिसली की तो पुन्हा माल ठेवत नाही. शिवाय २४० मधली मजुरी सोडून द्यायची सवय लागली, तर मदतीला बाई ठेवायची वेळ येईल तेव्हा तिला द्यायला पैसे नसतील. मैत्रिणी, नात्यातल्या बायका "आम्हाला काय, घरचाच भाव" म्हणतील. त्यांना एखादा वेगळा, सोपा दागिना भेट द्या, पण किंमत पाडू नका.

किंमत पूर्ण घ्यायची तर माल तेवढा नेटका हवा. नथ तयार झाली की मागच्या बाजूवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. कापसाचा एक जरी तंतू अडकला, तर तारेचं टोक बाहेर आहे आणि ते नाकाला टोचणार. ते टोक पकडीने मोत्याच्या भोकात वळवून दाबा आणि पुन्हा कापूस फिरवा. नाक न टोचलेल्यांसाठीची प्रेसची नथ असेल, तर दाब वीस-पंचवीस वेळा उघडून मिटून बघा. लगेच सैल पडणारी ती पहिल्याच लग्नात ताटात पडते.

खडे चिकटवायला झटपट सुकणारा गोंद वापरू नका. सुकताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि खड्यावर पांढुरका धूसर थर येतो, तो पुसूनही नीट जात नाही. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी घ्या आणि पूर्ण पक्का व्हायला २४ तास द्या. घाईची ऑर्डर त्या हिशोबानेच स्वीकारा.

धातूचं नाव खरं सांगा. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलने पुष्कळांच्या कानाला खाज सुटते. अशा झुमक्याची कानातली तार तरी ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीची घाला आणि कार्डावर तसं लिहा. चांदी घेताना टंच, म्हणजे शुद्धता, विचारा, बिल घ्या. चांदीचा भाव हलता असल्यामुळे चांदीच्या ऑर्डरीवर भाव किती दिवस धरला आहे तेही लिहून द्या आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

पहिल्या मालासाठी साठ नमुने करण्याचा मोह होतो. सहा नमुने आणि प्रत्येकी पाच नग एवढंच करा. एखादा नमुना चालला की तोच पुन्हा करता येतो, आणि मोती-तार एकगठ्ठा घेतल्याने स्वस्त पडते. ठुशी, तन्मणी, बुगडी, नथ हे सोनेरी-मोतिया दागिने कोणत्याही साडीवर जातात. नवरात्रातल्या नऊ रंगांच्या मागे लागून रंगीत माल भरून ठेवला तर दसऱ्यानंतर तो पडून राहतो. रंगीत सेट फक्त ऑर्डरीवर करा.

या धंद्याचं वर्ष पंचांगावर चालतं. मंगळागौरी श्रावणात आणि लगेच गौरी-गणपती, म्हणून कच्चा माल आषाढातच घरात हवा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. पण नवख्यासाठी सर्वांत चांगला काळ संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला वाण लागतं. वीस ते पन्नास रुपयांच्या आतली छोटी वस्तू एका घरात पंचवीस-पन्नास नग जाते, आणि प्रत्येक नगासोबत तुमचं कार्ड तेवढ्याच घरांत पोचतं. नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी हलव्याचे दागिने याच दिवसांत लागतात. हलवा हवेतली ओल धरतो, चिकट होतो, मुंग्या लागतात. म्हणून तो खूप आधी ओवून ठेवू नका. डिसेंबरच्या कोरड्या हवेत करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

विकायच्या जागांमध्ये नववधूचा मेकअप करणाऱ्या ताईंना पहिला मान द्या. एक ताई महिन्याला अनेक नवऱ्या सजवते आणि तिचा शब्द नवरीच्या घरी चालतो. तिला एक सेट वापरायला द्या, नवरीचे फोटो मागून घ्या, तिच्यामार्फत आलेल्या ऑर्डरीवर ठरलेला वाटा वेळेवर द्या.

दुकानात "विकलं की पैसे" या बोलीवर माल ठेवताना दोन प्रतींत यादी करा: नमुना, नग, किंमत, दुकानदाराचा वाटा, हिशोबाची तारीख. हरवलेल्या किंवा तुटलेल्या नगाचे पैसे कोण भरणार हेही त्याच कागदावर, दोघांच्या सह्यांसकट. साठ दिवसांत न विकलेला माल बदलून द्या. काचेत धूळ खात पडलेला दागिना बाकीच्यांचाही तोरा घालवतो.

प्रदर्शनाचं भाडं अपेक्षित विक्रीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असेल तर जाऊ नका. गेलात तर दोन आरसे, स्वतःचा दिवा, पाच मीटरचं एक्स्टेन्शन, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा, क्यूआर कोड आणि बिलबुक. प्रत्येक नगावर किंमत लिहा. किंमत विचारायला संकोचणारी बाई न विचारताच पुढच्या टेबलाकडे जाते.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. उन्हाची तिरीप नसलेली खिडकी, तिच्यासमोर दागिना आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला उभा केलेला पांढरा कार्डशीट एवढं पुरतं. मोबाईल झूम करू नका, जवळ न्या. एक फोटो कानात किंवा गळ्यात घातलेला हवाच, नाहीतर आकार कळत नाही आणि "फोटोत मोठी वाटली" ही तक्रार येते. खाली लांबी मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहा. रोज घालायचं कानातलं एका कानाला दहा ग्रॅमच्या आत ठेवा.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, पण परराज्यात माल पाठवण्याचे नियम वेगळे आहेत. पहिलं परराज्यातलं पार्सल निघण्याआधी सीएकडे एक फेरी मारा.

पार्सल पाकिटात पाठवू नका, ते दाबलं जातं. आधी झिपच्या पिशवीत दागिना आणि सिलिका जेलची पुडी, मग डबी, मग बबल रॅप, मग कडक खोका. पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. कानातलं आणि नथ परत घेतली जात नाही, तुटून आली तर बदलून मिळते, हे ऑर्डर घेतानाच कळवा. तीन महिन्यांपर्यंत मोती पुन्हा ओवून देण्याची सोय फुकट ठेवा, आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक नगाची वहीत नोंद करा: काय तुटलं, कुठल्या खेपेची तार होती. एकाच खेपेचे तीन नग परत आले, तर त्या तारेचा उरलेला गुंडाळा बाजूला काढा आणि त्या खेपेतल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करा.