कमी पैशांत एनपीची परीक्षा: या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. मूळची सोलापूरची, आता न्यू जर्सीत आयसीयूत नाईट ड्यूटी करणारी, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (एफएनपी, म्हणजे रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) मास्टर्स नुकताच पूर्ण झालेला. "ताई, पुस्तकं सगळी फुकटात जमली, आता परीक्षेला एक डॉलरही लागायचा नाही," ती आनंदात सांगत होती. पुस्तकांची नावं विचारली, छापल्याची वर्षं विचारली, आणि मला धस्स झालं. त्यातलं सगळ्यात नवं पुस्तक २०१८ चं होतं.

अमेरिकेत एफएनपी होऊ पाहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणी घरचा हप्ता, मुलांचं डे केअर आणि गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळं सांभाळून अभ्यास करतात. म्हणून काटकसर हवीच. पण ती चुकीच्या जागी केली की परीक्षा दुसऱ्यांदा द्यावी लागते, आणि त्याइतकं महाग दुसरं काही नाही.

जुन्या पुस्तकावर विसंबणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. जुन्या पुस्तकातलं शरीरशास्त्र बदलत नाही, पण उपचार आणि तपासण्यांच्या शिफारशी बदलतात, आणि प्रश्न नेमके तिथेच येतात. गोनोरिया या लैंगिक आजाराचंच घ्या. जुनी पुस्तकं सांगतात, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन २५० मिलिग्रॅम आणि सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दीडशे किलोपेक्षा कमी वजनाच्या रुग्णाला सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन. क्लॅमिडिया हा दुसरा लैंगिक आजार नाही हे तपासून खात्री झाली नसेल, तर त्यासोबत डॉक्सिसायक्लिन सात दिवस. जुना डोस पाठ असेल, तर तो पर्यायांत दिसताच तुम्ही निर्धास्तपणे चुकीचं उत्तर निवडाल.

कॅन्सरच्या तपासण्यांचंही तसंच. यूएसपीएसटीएफ, म्हणजे प्रतिबंधक तपासण्यांच्या शिफारशी करणारी तज्ज्ञांची समिती. तिने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी २०२१ मध्ये पन्नासऐवजी पंचेचाळिसाव्या वर्षापासून सुरू करायला सांगितलं. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पूर्वी वय ५५ ते ८० आणि ३० पॅक-इयर्स (रोजची पाकिटं गुणिले धूम्रपानाची वर्षं) अशी अट होती. त्याच वर्षी ती ५० ते ८० आणि २० पॅक-इयर्स झाली. रुग्ण सध्या धूम्रपान करत असावा किंवा सोडून पंधरा वर्षं झालेली नसावीत, हा भाग कायम राहिला. मॅमोग्राम, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरची एक्स-रे तपासणी, २०२४ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी. हे सगळं त्या समितीच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर मोफत आहे. मधुमेहाच्या अमेरिकी संघटनेचे उपचार-निकष दर जानेवारीत नव्याने प्रसिद्ध होतात, तेही मोफत. रिव्ह्यू बुक ज्यावरून तयार होतं ते मूळच तुम्हाला फुकट मिळतं. मग जुनं पुस्तक ठेवा, पण लसीकरण, तपासण्या, लैंगिक आजार, मधुमेह, रक्तदाब आणि दमा ही प्रकरणं त्यातून वाचू नका. त्या पानांना सरळ क्लिप लावून टाका.

कोणती परीक्षा द्यायची हे न ठरवताच खरेदी करणं

एफएनपीसाठी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी दोन मंडळं आहेत, एएएनपीसीबी आणि एएनसीसी. परवान्यासाठी दोन्ही चालतात, पण परीक्षा सारख्या नाहीत. पहिलीत १५० प्रश्न आणि तीन तास. त्यातले १३५ गुणांसाठी धरले जातात आणि भर जवळजवळ पूर्ण क्लिनिकल ज्ञानावर असतो. दुसरीत १७५ प्रश्न, साडेतीन तास, १५० गुणांसाठी. आणि तिथे आरोग्य धोरण, संशोधन, व्यावसायिक भूमिका हेही विचारतात. गंमत अशी की हिशेब केला तर दोन्हीकडे एका प्रश्नाला ७२ सेकंदच मिळतात.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी एएनसीसी निवडताना एक विचार करावा. मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कोणता भाग रुग्णालयाचा, कोणता ओपीडीचा आणि कोणता औषधांचा, हे इथे लहानपणापासून आजी-आजोबांच्या बिलांमधून ऐकलेल्या मुलीला सहज येतं. आपल्याला ते शिकावं लागतं. अवघड नाही, पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. ज्यांना संशोधन आणि धोरण आवडतं त्यांनी जरूर ही परीक्षा द्यावी.

निवड झाली की आधी त्या मंडळाच्या संकेतस्थळावरून परीक्षेचा आराखडा उतरवून घ्या. तो मोफत असतो आणि कोणत्या विषयाला किती वजन आहे हे त्यात लिहिलेलं असतं. तो न वाचता शेकडो डॉलरचा कोर्स घेणं म्हणजे प्रिस्क्रिप्शन न बघता औषध विकत घेणं.

तीन क्वेश्चन बँका, एकही पूर्ण नाही

क्वेश्चन बँक म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा ऑनलाइन संच. एक घ्या, ताजी घ्या, आणि पूर्ण करा. परीक्षेच्या तारखेआधी आठ-दहा आठवड्यांचीच मुदत विकत घ्या. वर्षभराची घेतली की पहिले सहा महिने ती तशीच पडून राहते.

गुण साठ-पासष्ट टक्क्यांवर अडकले तर नवी बँक घेऊ नका. एक वही काढा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी एकच ओळ लिहा: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत घोळ झाला? शंभर चुकांनंतर वही स्वतःच सांगते काय बिघडलंय. आणि तेच प्रश्न तिसऱ्यांदा सोडवून नव्वद टक्के आले, तर तो आकडा मोजू नका. ती आठवण असते, समज नव्हे.

आयसीयूच्या डोक्याने उत्तर देणं

अनुभवी नर्सेस इथे अडखळतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चूक त्यांच्या ज्ञानाची नसते. प्रश्न असा येतो: ४८ वर्षांचा माणूस क्लिनिकमध्ये आला, गोळ्या बंद केल्या होत्या, रक्तदाब १८८/१२२, काहीही त्रास नाही, तपासणीत अवयवांना इजा झाल्याची खूण नाही. आयसीयूतला हात आपोआप शिरेतून द्यायच्या औषधाकडे जातो. उत्तर असतं तोंडावाटे औषध पुन्हा सुरू करणं आणि लवकर फेरतपासणीला बोलावणं. परीक्षा क्लिनिकमधल्या खुर्चीवर बसून लिहायची आहे. प्रत्येक प्रश्नाआधी मनात म्हणा, "हा रुग्ण चालत आलाय आणि चालत घरी जाणार आहे." तो जाऊ शकत नसेल, तर प्रश्नात तशी खूण असते.

फी भरण्याची घाई

एएएनपी या नर्स प्रॅक्टिशनर्सच्या संघटनेचं सदस्यत्व असेल तर एएएनपीसीबीची फी कमी होते. एएनसीसीकडे एएनए या अमेरिकी नर्सेसच्या संघटनेच्या सदस्यांना सवलत आहे. विद्यार्थी असतानाचं सदस्यत्व स्वस्त असतं, म्हणून पदवी हातात येण्याआधीच सदस्यत्वाचा खर्च आणि सवलत यांची वजाबाकी करून बघा. रुग्णालयाच्या एचआरलाही आधीच विचारा. काही ठिकाणी फी परत मिळते, पण फक्त पास झाल्यावर, किंवा आधी मंजुरी घेतली असेल तरच. मी पावती घेऊन नंतर गेले आणि "आधी विचारायला हवं होतं" हे ऐकून परत आले.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे "आलेले प्रश्न"

घेऊ नका, पाठवू नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं-घेणं हा नियमभंग आहे आणि त्यात प्रमाणपत्र जाऊ शकतं. इतकी वर्षं रात्री जागून मिळवलेलं सगळं पणाला लागतं. शिवाय त्यातली कित्येक उत्तरं चुकीची असतात, मी स्वतः पाहिली आहेत.

नापास झालात तर

निकालपत्र फेकू नका. कोणत्या भागात कमी पडलात हे त्यावरून कळतं. एएएनपीसीबी पुन्हा बसण्याआधी त्या कच्च्या भागांत १५ तासांचं निरंतर शिक्षण मागते; एएनसीसीत ६० दिवस थांबावं लागतं. १५ तासांसाठी लगेच पैसे भरू नका. सीडीसीचे मोफत अभ्यासक्रम आहेत, एएएनपीच्या सदस्यांनाही बरेच मोफत मिळतात. मात्र नोंदणी करण्याआधी तो अभ्यासक्रम तुमच्या मंडळाला चालतो का हे बघा, आणि पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्राची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या.

सोलापूरच्या त्या मुलीने जुनी पुस्तकं क्लिप लावून कपाटात ठेवली, एकच क्वेश्चन बँक दहा आठवड्यांसाठी घेतली आणि परीक्षेच्या आधीच्या तीन रात्रींची ड्यूटी एका मैत्रिणीशी बदलून घेतली. मार्चमध्ये पहिल्याच वेळी पास झाली.