आडबाजूच्या खोल बंदराचे काम कसे तपासावे : जयगडचे उदाहरण

रत्नागिरी तालुक्यात शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडचा किल्ला आहे आणि त्याच्याजवळ धामणखोलच्या आखातात २००९ पासून खोल पाण्याचे मालवाहू बंदर चालते. अशा बंदराविषयी ग्रामसभेत किंवा कारखान्याच्या संचालक मंडळात बोलणे निघाले की 'परिसराचा विकास' हे शब्द लगेच पुढे येतात. ते क्षणभर बाजूला ठेवून बंदर कोणाचे कोणते काम करते, हे पाहावे.

सुरुवात पाण्यापासून करावी. सागरी नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीची असते, त्यामुळे तिच्यात त्या वेळच्या भरतीचे पाणी मिळवावे लागते. मात्र भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) भरती उधाणाएवढी (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या भरतीएवढी) चढत नाही, हे विसरू नये. जहाजाचा पाण्याखालचा भाग म्हणजे ड्राफ्ट, आणि तळाखाली साधारण त्याच्या दहा टक्के पाणी मोकळे राहावे, असा ढोबळ हिशेब धरतात. पावणेदोन लाख टन माल भरलेल्या केपसाइज जहाजाचा (कोळसा-खनिजासारखा सुटा माल नेणाऱ्या अति मोठ्या जहाजाचा) ड्राफ्ट १८ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्याला जवळजवळ २० मीटर पाणी हवे. असे जहाज एक सेंटिमीटर खाली बसते तेव्हा सुमारे १२० टन माल चढलेला असतो. पाणी एक मीटरने कमी पडले, तर १२ हजार टन माल मागे ठेवूनच निघावे लागते. बंदराच्या माहितीपत्रकातील 'खोल' या विशेषणापेक्षा हा गुणाकार अधिक बोलका आहे.

यानंतर धक्क्यावर उतरलेला माल कोठे जातो, याचा माग काढावा. खरे उत्तर येथेच मिळते, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. जयगडला येणाऱ्या मालातील कोळसा शेजारच्याच १,२०० मेगावॅटच्या वीजकेंद्रात जळतो. लोहखनिजाची वाट मात्र वेगळी आहे. रायगड जिल्ह्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्याला धरमतर खाडीतून माल मिळतो आणि ती खाडी उथळ असल्याने मोठे जहाज तेथे शिरू शकत नाही; म्हणून खनिज जयगडला मोठ्या जहाजातून उतरवून लहान जहाजांत भरतात आणि पुन्हा समुद्रमार्गेच उत्तरेकडे नेतात. लहान जहाज आठ हजार टनांचे धरले, तर पावणेदोन लाख टनांसाठी बावीस फेऱ्या होतात. या मालापुरते पाहिले, तर बंदर रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी काम डोलवीचे करते. यात गैर काही नाही, परंतु लाभाचा हिशेब मांडताना ते स्पष्ट लिहावे.

तिसरी पाहणी जमिनीवरची. बंदरात रेल्वे पोचलेली नसेल, तर सगळा भार रस्त्यावर येतो. जयगडचे ट्रक निवळीला मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. पन्नास हजार टन साखरेचे जहाज भरायचे झाल्यास पंचवीस टनांचे दोन हजार ट्रक घाट उतरून यावे लागतील, तर रेल्वेने हेच काम चौदा-पंधरा मालगाड्यांत होईल. रूळ असले म्हणजे सगळे भागले, असेही नाही: नॉर्वेतील नार्विक बंदर उत्तर ध्रुववृत्ताच्या आत असूनही गोठत नाही आणि स्वीडनमधील किरुनाचे लोहखनिज बाहेर काढते, पण डिसेंबर २०२३ मध्ये खनिजाची गाडी घसरून मार्ग उखडला, तेव्हा पाणी तेवढेच खोल असूनही खनिजाचा ओघ दोन महिने अडला.

पावसाळ्यातील काम ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, आडोशावर चालते, त्यामुळे जून ते ऑगस्टमधील जहाजांची संख्या वेगळी मागून घ्यावी.

शेवटी परतीचा माल पाहावा. जहाजे भरून येतात आणि रिकामी जातात, की आसपासचे काही घेऊन जातात? रत्नागिरीचा हापूस ट्रकने वाशीच्या बाजारात जातो. तो या किनाऱ्यावरून निघायचा असेल, तर कंटेनर उचलणारी क्रेन, शीतकंटेनरला वीज देणारे प्लग आणि ठरल्या दिवशी येणारे कंटेनर जहाज लागेल. कोळशाचा धक्का कितीही खोल असला, तरी त्यावर आंब्याची पेटी चढत नाही. तेव्हा बंदराच्या अधिकाऱ्यांना भेटताना या तीन गोष्टी आहेत का, हे नेमके विचारावे.